दिलेल्या किल्ल्या आणि असलेल्या किल्ल्या

भाड्याचे घर रिकामे होते त्या दिवशी घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला शेवटचा व्यवहार किल्ल्यांचा असतो. भिंतीतले खिळे पाहून होतात, विजेच्या मीटरचा आकडा उतरवून घेतला जातो, डिपॉझिटमधून रंगाचे किती कापायचे यावर थोडी घासाघीस होते आणि मग "दोन दिल्या होत्या, या दोन परत" असे म्हणून किल्ल्या हातावर ठेवल्या जातात. हिशेब जुळतो, पण त्यातून हवे ते उत्तर मिळत नाही, कारण दोन किल्ल्या परत आल्या याचा अर्थ त्या कुलपाच्या दोनच किल्ल्या अस्तित्वात आहेत असा होत नाही. अकरा महिन्यांच्या काळात एखादी किल्ली भाडेकरूच्या भावासाठी, एखादी पोळ्या करायला येणाऱ्या मावशींसाठी आणि एखादी नुसती 'असू दे जवळ' म्हणून करून घेतलेली असू शकते, आणि यातली एकही वाईट हेतूने केलेली नसते. रस्त्याच्या कडेला बसणारा चावीवाला काही मिनिटांत नवी किल्ली करून देतो. घर कोणाचे आहे हे तो विचारत नाही, आणि विचारले तरी मिळालेले उत्तर पडताळून पाहण्याचे साधन त्याच्याकडे नसते.

म्हणून भाड्याच्या घरांच्या किल्ल्यांचा विचार करताना एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते: आपण किती किल्ल्या दिल्या हे आपल्याला ठाऊक असते, किती आहेत हे ठाऊक नसते. किल्ल्यांचे सगळे व्यवस्थापन म्हणजे या दोन आकड्यांमधले अंतर शक्य तितके कमी ठेवण्याची खटपट होय. इमारतीतली सगळी कुलपे एकटीने उघडणाऱ्या मास्टर किल्लीचा प्रश्नही अखेर याच अंतराचा आहे, फक्त तिथे एका किल्लीचा हिशेब चुकला तर तो साऱ्या इमारतीला भोवतो.

हे नीट कळण्यासाठी कुलपाच्या आत डोकावणे भाग आहे. आपल्या फ्लॅटच्या दारांवरची बहुतेक लॅच आणि सिलिंडरची कुलपे पिनांवर चालतात. मूळ कल्पना प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांइतकी जुनी आहे. तिला आज आपण वापरतो त्या चपट्या, दातेरी किल्लीचे रूप अमेरिकेतल्या लायनस येल धाकटे यांनी दिले आणि त्याचे पेटंट १८६१ मध्ये घेतले. कुलपात एक फिरणारा गाभा असतो आणि त्याभोवती एक स्थिर कवच असते; हे दोन्ही मिळून सिलिंडर होतो. या दोहोंना छेदून जाणारी पाच किंवा सहा उभी भोके असतात आणि प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन पिना आणि त्यांच्यावर एक छोटी स्प्रिंग असते. किल्ली नसते तेव्हा स्प्रिंगच्या दाबाने वरची पिन अर्धी कवचात आणि अर्धी गाभ्यात अडकून राहते, त्यामुळे गाभा फिरत नाही. योग्य किल्ली आत सरकली की तिची प्रत्येक खाच आपल्यावर टेकलेल्या दोन्ही पिनांना नेमकी इतकी उचलते की दोन पिनांमधली फट गाभा आणि कवच यांच्या सीमेवर येते. पाचही फटी एका रेषेत आल्या की गाभा मोकळा होतो आणि दार उघडते.

याचा अर्थ असा की किल्ली ही वस्तू कमी आणि आकडा जास्त आहे. प्रत्येक खाच किती खोल कापायची याच्या ठरावीक पायऱ्या असतात. समजा पाच खाचा आहेत आणि प्रत्येकीसाठी सहा पायऱ्या आहेत, तर आपली किल्ली म्हणजे १ ते ६ या अंकांनी बनलेला एक पाच अंकी आकडा असतो, आणि असे एकूण ७,७७६ आकडे होऊ शकतात. पितळेचा तुकडा कपाटात बंद करून ठेवला तरी आकडा एकदा कोणाला कळला की कोरी किल्ली आणि कानस एवढ्यावर काम भागते. हा आकडा चोरण्यासाठी किल्ली हातात घ्यावीच लागते असेही नाही. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी सुमारे ६० मीटर अंतरावरून, इमारतीच्या गच्चीतून, टेबलावर पडलेल्या किल्ल्यांचे छायाचित्र घेतले आणि संगणकाच्या मदतीने त्यांच्या खाचांचा आकडा काढून दाखवला. अमेरिकेत विमानतळांवर सामान तपासणारे अधिकारी प्रवाशांच्या बॅगांची कुलपे ज्या मास्टर किल्ल्यांनी उघडतात, त्यांचे छायाचित्र २०१४ मध्ये एका वृत्तपत्रात छापून आले आणि पुढच्या वर्षी त्या किल्ल्या त्रिमितीय प्रिंटरवर छापता येतील अशा फायली इंटरनेटवर सर्वांसाठी उपलब्ध झाल्या. आता ती बनावट किल्ली परत मागायची तरी कोणाकडे? पाडव्याला किंवा दसऱ्याला नव्या घराचा ताबा मिळाल्यावर हळदकुंकू लावलेल्या किल्ल्या हातात धरून फोटो काढण्याची आणि तो सगळ्या गटांवर पाठवण्याची आपली हौस गोड आहे, पण त्या फोटोत किल्लीच्या खाचा मुठीत झाकलेल्या असाव्यात. एजंटला "हीच किल्ली ना?" असे विचारण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो तर टाळलेलाच बरा.

आता मास्टर किल्लीकडे वळू. सर्वसाधारण समज असा असतो की मास्टर किल्ली ही काहीतरी अधिक हुशार, अधिक कारागिरीची किल्ली असते आणि म्हणून ती सगळी कुलपे उघडते. प्रत्यक्षात त्या किल्लीत खास असे काहीच नसते. तीही इतरांसारखाच एक पाच अंकी आकडा असते. बदल केलेला असतो तो कुलपात. प्रत्येक भोकात दोन पिनांच्या मध्ये एक छोटी चकती घातली जाते. चकती आली की एका भोकात एकाऐवजी दोन फटी तयार होतात, म्हणजे पिना दोन वेगवेगळ्या उंचींवर उचलल्या गेल्या तरी तो कप्पा मोकळा होतो. यातली एक उंची त्या दारामागच्या खोलीच्या स्वतःच्या किल्लीची आणि दुसरी मास्टर किल्लीची. पण कुलपाला हे कळत नाही की पाचही उंच्या एकाच किल्लीच्या असल्या पाहिजेत. पहिल्या खाचेची उंची खोलीच्या किल्लीतली, दुसरी मास्टरमधली, तिसरी पुन्हा खोलीच्या किल्लीतली अशी कोणतीही सरमिसळ त्याला चालते. पाच भोके आणि प्रत्येकात दोन पर्याय, म्हणजे २ × २ × २ × २ × २, एकूण ३२ वेगवेगळ्या किल्ल्यांनी ते कुलूप उघडते. साध्या कुलपात ७,७७६ पैकी एक किल्ली चालत होती; मास्टरच्या सोयीसाठी चकत्या घातलेल्या कुलपात सरासरी २४३ पैकी एक चालते. कुलूप तेच, पितळ तेच, कंपनी तीच. सुरक्षितता मात्र बत्तीसपट पातळ झालेली.

हे पातळ होणे एकवेळ चालवून घेता येईल, कारण चोर सहसा २४३ किल्ल्या घेऊन फिरत नाही. खरी अडचण याहून खोल आहे आणि ती २००३ च्या जानेवारीत जगापुढे आली. अमेरिकेतल्या एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत काम करणारे संगणक-सुरक्षेचे अभ्यासक मॅट ब्लेझ यांनी एका शोधनिबंधात दाखवले की मास्टर व्यवस्थेतल्या एका खोलीची वैध किल्ली आणि त्या खोलीचे कुलूप एवढेच ज्याच्याकडे आहे, तो माणूस मास्टर किल्लीचा आकडा शोधून काढू शकतो. कुलूप उघडून पाहण्याची, मास्टर किल्ली पाहण्याचीदेखील गरज नसते. तत्त्व सोपे आहे: चार खाचा आपल्या किल्लीच्याच ठेवून पाचव्या खाचेची दुसरी कोणती उंची कुलपाला चालते हे तपासायचे, आणि हेच प्रत्येक खाचेबाबत करायचे. प्रत्येक खाचेला फार तर पाच प्रयत्न, पाच खाचांना मिळून फार तर पंचवीस. ७,७७६ शक्यतांचा डोंगर पंचवीस पायऱ्यांवर येतो. कुलूप बनवणाऱ्या जुन्याजाणत्यांना ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती, पण ती धंद्यातली गुप्त बाब मानली जात असल्याने तिच्याविषयी उघड बोलले जात नव्हते, आणि ज्यांनी दारांवर अशी कुलपे बसवून घेतली होती त्यांना मात्र याची कल्पना नव्हती. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच आहे: जोखीम ज्याची, त्यालाच माहिती नाही.

भाड्याच्या मालमत्तेच्या भाषेत याचा अर्थ लावून पाहू. समजा कोथरूडमध्ये कोणाचे बारा खोल्यांचे पेइंग गेस्ट वसतिगृह आहे आणि बाराही खोल्यांना मास्टर व्यवस्थेची साधी कुलपे आहेत. दर वर्षी सहा-सात मुले बदलतात. जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात वर्षभर एक वैध किल्ली आणि एक कुलूप होते, तेही बंद दाराआड, निवांत. मालक मास्टर किल्ली देवघरातल्या डब्यात ठेवून निर्धास्त असतो, पण तिचा आकडा बारा दारांवर लिहून ठेवल्यासारखाच असतो. ती मुले असे काही करतील असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण व्यवस्थेचा भरवसा प्रत्येकाच्या चांगुलपणावर टेकलेला आहे हे मालकाला माहीत असले पाहिजे.

समाईक दाराचे कुलूप याहूनही नाजूक असते. ज्या वसतिगृहात मुलाच्या खोलीचीच किल्ली खालच्या मुख्य दारालाही लागते, तिथे मुख्य दाराच्या कुलपाला बाराही किल्ल्या चालाव्यात म्हणून आत इतक्या चकत्या घातलेल्या किंवा इतक्या पिना कमी केलेल्या असतात की ते कुलूप जवळजवळ नावापुरते उरते. पुण्यातल्या जुन्या वाड्यांची रचना या बाबतीत शहाणी होती. दिंडी दरवाजा रात्री आतून अडसर घालून बंद होई, त्याला वाटायला किल्लीच नसे, उशिरा येणाऱ्याला कडी वाजवून कोणाला तरी उठवावे लागे. आणि प्रत्येक बिऱ्हाड आपल्या खणाला आपले स्वतंत्र कुलूप लावी. गैरसोय होती, पण एकाची किल्ली हरवली म्हणून साऱ्या वाड्याची झोप उडत नसे.

मग मास्टर किल्ली वापरूच नये का? ज्यांची दोन, चार किंवा आठ घरे वेगवेगळ्या सोसायट्यांत भाड्याने दिलेली आहेत त्यांना माझे उत्तर स्पष्टपणे 'नाही, वापरू नये' असे आहे. त्यांना मास्टरने मिळणारी सोय एवढीच की जुडग्यात आठ किल्ल्यांऐवजी एक राहील, आणि त्याबदल्यात एक किल्ली हरवली तर आठ दारांची कुलपे बदलावी लागतील. जिथे एका छताखाली वीस-तीस खोल्या आहेत, नळ फुटला किंवा आतून धूर आला तर कोणत्याही खोलीत मिनिटभरात शिरावे लागू शकते, तिथे मास्टरला अर्थ आहे. पण तिथेही सगळ्या इमारतीला एक अशी न ठेवता मजल्यामजल्याची वेगळी ठेवावी, म्हणजे नुकसान झालेच तर एका मजल्यापुरते राहील. साऱ्या मजल्यांवर चालणारी जी किल्ली असते, जिला कारागीर ग्रँड मास्टर म्हणतात, ती शक्यतो करूनच घेऊ नये. कार्यालय, विजेच्या मीटरची खोली, पाण्याच्या पंपाची खोली आणि भाडेकरूंचे सामान ठेवण्याची खोली यांना तर मास्टरच्या बाहेरची स्वतंत्र कुलपे असावीत.

कुलूप निवडताना दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. ज्या किल्लीला कडेला दाते नसून सपाट अंगावर गोल खड्डे असतात आणि जिला आपल्याकडे चावीवाले 'कॉम्प्युटर किल्ली' म्हणतात, ती कानशीने होत नाही, तिला यंत्र लागते. पण असे यंत्र आता अनेक दुकानांत असल्याने ही अडचण चोरासाठी नव्हे, तर फार तर आळशासाठी उरली आहे. खरा फरक पडतो तो ज्यांच्या कोऱ्या किल्ल्या खुल्या बाजारात मिळत नाहीत आणि कंपनीने दिलेले कार्ड दाखवल्याशिवाय जादा किल्ली करून दिली जात नाही अशा सिलिंडरांनी. ही व्यवस्था बहुधा पेटंटच्या जोरावर चालते आणि पेटंटची मुदत २० वर्षांची असते, त्यामुळे दुकानदाराने दाखवलेले मॉडेल कितपत जुने आहे हे विचारून घ्यावे. मास्टर किल्ली हवीच असेल तर ती केवळ अशा सिलिंडरांवरच घ्यावी, कारण ब्लेझ यांनी दाखवलेल्या युक्तीला कोऱ्या किल्ल्या लागतात आणि त्या मिळाल्याच नाहीत तर युक्ती कागदावर राहते.

मास्टर किल्लीचा विषय निघाला की हमखास कोणीतरी म्हणते, "बँकेच्या लॉकरलाही मास्टर असतेच की." तो गैरसमज दूर करण्यासारखा आहे. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक ग्राहकाची आणि एक बँकेची, आणि बँकेची किल्ली एकटीने लॉकर उघडत नाही. वसतिगृहाची मास्टर किल्ली दुसऱ्याच्या परवानगीशिवाय उघडते, तर बँकेची दुसऱ्याच्या हजेरीशिवाय उघडू शकत नाही. नाव एक, स्वभाव उलटा. मात्र बँका लॉकरच्या किल्ल्या कशा सांभाळतात हे घरमालकाने जरूर पाहावे. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी लॉकरविषयीचे सुधारित निर्देश काढले आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात सांगितले आहे की रिकाम्या लॉकरांच्या किल्ल्या सीलबंद पाकिटात ठेवाव्यात, मास्टर किल्लीची दुसरी प्रत त्याच शाखेत न ठेवता बँकेच्या दुसऱ्या शाखेत जमा करावी, मास्टर किल्ल्या दोघांच्या संयुक्त ताब्यात असल्याची नोंद असावी आणि रिकाम्या लॉकरांची व त्यांच्या किल्ल्यांची अधूनमधून अचानक तपासणी अशा अधिकाऱ्याने करावी ज्याचा त्या किल्ल्या सांभाळण्याशी संबंध नाही.

हे चारही नियम बारा खोल्यांच्या वसतिगृहाला जसेच्या तसे लागू करता येतात आणि त्यासाठी खर्च जवळजवळ शून्य आहे. जादा किल्ली जाड पाकिटात घालावी, पाकीट चिकटवावे आणि जोडावर आरपार जाईल अशी मालक आणि भाडेकरू या दोघांची सही तारखेसह घ्यावी. मास्टरची दुसरी प्रत वसतिगृहाच्या इमारतीत ठेवू नये. मालकाच्या घरी किंवा बहिणीच्या कपाटात ठेवावी. दिवसाकाठी मास्टर हाताळणारा व्यवस्थापक आणि तिची नोंदवही तपासणारा माणूस एकच नसावा. आणि तिमाहीतून एकदा, आधी न कळवता, सगळ्या किल्ल्या टेबलावर ओतून मोजाव्यात. यातला शेवटचा नियम सर्वांत कंटाळवाणा असतो, म्हणून तोच पहिल्यांदा मोडतो.

नोंदवहीविषयी दोन शब्द अधिक. किल्लीला लावलेल्या बिल्ल्यावर सोसायटीचे नाव आणि फ्लॅटचा क्रमांक लिहिण्याची सवय फार पसरलेली आहे, आणि अशी किल्ली रिक्षात विसरली तर ती पत्त्यासकट विसरलेली असते. बिल्ल्यावर केवळ एक अंक किंवा रंगाची खूण असावी आणि कोणता अंक कोणत्या घराचा हे फक्त वहीत असावे. वही आणि किल्ल्या एकाच खणात ठेवल्या तर मात्र सगळे मुसळ केरात. वहीत किल्ली कोणाला, कोणत्या कामासाठी, किती वाजता दिली आणि किती वाजता परत आली हे लिहिलेले असावे, आणि घेणाऱ्याची सही असावी. प्लंबरला किंवा रंगाऱ्याला दिलेली किल्ली संध्याकाळी परत आलीच पाहिजे, 'उद्या पण यायचंय' म्हणून रात्रभर त्याच्याकडे राहू नये. एजंटकडे घर दाखवण्यासाठी दिलेली किल्ली करार झाल्यावर परत घेण्याचे कित्येक जण विसरतात, आणि वॉचमनच्या केबिनमधल्या खिळ्यावर लटकणाऱ्या किल्ल्यांची गोष्ट तर काढायलाच नको. वॉचमन प्रामाणिक असतो, पण तो खिळा येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांना दिसतो.

आता कायद्याची बाजू, कारण इथे किल्ली हा केवळ सोयीचा विषय राहत नाही. महाराष्ट्रात बहुतेक घरे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे परवाना कराराने दिली जातात. त्या छापील करारांत 'घराच्या किल्लीची एक प्रत मालकाकडे राहील' असे एक कलम बरेचदा आढळते आणि भाडेकरूंना ते खटकते. त्यामागे एक इतिहास आहे. परवाना म्हणजे जागा वापरण्याची नुसती मुभा आणि भाडेपट्टा म्हणजे जागेत मिळालेला हक्क; या दोहोंतला फरक ठरवताना जागेचा अनन्य ताबा कोणाकडे आहे हा न्यायालयांपुढचा महत्त्वाचा प्रश्न असतो. मद्रासमधल्या एका खासगी बाजारातले गाळेधारक भाडेकरू की परवानाधारक, असा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा १९६४ च्या निकालात जी परिस्थिती लक्षात घेतली गेली, तिच्यात बाजाराची फाटके रात्री मालकाची माणसे बंद करतात हीही बाब होती, आणि गाळेधारक परवानाधारक ठरले. त्यातच मुंबईच्या भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा दिला, आणि घरमालकांनी त्याची चांगलीच धास्ती घेतली. 'ताबा माझाच आहे, ही पाहा किल्ली' असे म्हणता यावे, हा त्या कलमाचा उगम. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ मुळे मुदत संपल्यावर परवानाधारकाकडून जागा परत मिळवण्याचा वेगळा मार्ग उपलब्ध झाला आहे, त्यामुळे ती धास्ती आता बरीच कमी व्हायला हरकत नाही. तरी कलम करारात राहिले आहे.

पण प्रत बाळगण्याचा हक्क आणि वाटेल तेव्हा दार उघडण्याचा हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच अधिनियमाच्या कलम २८ नुसार मालकाला जागेची पाहणी करता येते, पण ती वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात ही सूचना किमान २४ तास आधी द्यावी असे म्हटले आहे. तो नमुना कायदा आहे आणि राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, तरी २४ तासांची ही अट आपल्या करारात लिहून घ्यायला कोणाची आडकाठी नाही. तसेच भाडे थकले किंवा मुदत संपली म्हणून भाडेकरू बाहेर गेलेला असताना कुलूप बदलून टाकणे हा मार्ग नव्हे. कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते.

सीलबंद पाकीट इथे दोघांच्याही उपयोगी पडते. घरात चोरी झाली आणि दार फोडलेले नसेल तर पोलिसांचा पहिला प्रश्न असतो, "आणखी किल्ली कोणाकडे आहे?" मालकाकडे दोन सह्यांचे न फोडलेले पाकीट असेल तर उत्तर तेवढ्यावर संपते. नुसती किल्ली खणात पडलेली असेल तर निर्दोष मालकालाही संशय झटकायला फार बोलावे लागते.

आगीचा विचार किल्ल्यांच्या हिशेबात बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ सांगते की बाहेर पडण्याची दारे आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडता आली पाहिजेत. म्हणून वसतिगृहाचे मुख्य दार रात्री आतून कुलूप लावून किल्ली व्यवस्थापकाच्या उशाखाली ठेवण्याची पद्धत कितीही जुनी असली तरी ती धोक्याची आहे, आणि खिडक्यांना जाळ्या असलेल्या इमारतीत तर अधिकच. सिलिंडर विकत घेताना आतल्या बाजूला किल्लीच्या भोकाऐवजी फिरवायची कळ असलेला घ्यावा. यात आणखी एक फायदा आहे: दोन्ही बाजूंनी किल्ली लागणाऱ्या कित्येक सिलिंडरांत आतून किल्ली लावून ठेवली असेल तर बाहेरून मास्टरही चालत नाही, आणि नेमक्या गरजेच्या क्षणी दार फोडावे लागते.

या सगळ्यावर उपाय म्हणून हल्ली बोटाच्या ठशावर, आकड्यांवर किंवा मोबाइलवर चालणारी कुलपे सुचवली जातात. भाड्याच्या घरांसाठी त्यांचा एक गुण खरोखर मोठा आहे: भाडेकरू गेला की त्याचा आकडा आणि ठसा पुसता येतो, म्हणजे लेखाच्या सुरुवातीला सांगितलेले 'दिलेल्या' आणि 'असलेल्या' किल्ल्यांमधले अंतर मिटते. मात्र पुसावे लागते, ते आपोआप होत नाही. शिवाय बॅटरी संपली किंवा यंत्र बिघडले तर उपयोगी पडावी म्हणून अशा बहुतेक कुलपांना एक साधी धातूची किल्लीही दिलेली असते, आणि ती कोणाकडे आहे हा जुनाच प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो. इलेक्ट्रॉनिक म्हणजे अभेद्य असेही नाही. जगभरच्या हॉटेलांत वापरल्या जाणाऱ्या साफलॉक नावाच्या कार्डावर चालणाऱ्या कुलपांत एक त्रुटी असल्याचे संशोधकांनी मार्च २०२४ मध्ये जाहीर केले. १३१ देशांतल्या सुमारे ३० लाख दारांना तिची झळ पोचत होती, आणि त्या हॉटेलातले कोणतेही एक कार्ड हाती असले की सगळी दारे उघडणारे कार्ड बनवता येत होते. एका खोलीच्या किल्लीवरून मास्टरपर्यंत पोचण्याचा २००३ चा तोच प्रवास एकवीस वर्षांनी पितळेऐवजी प्लास्टिकवरून झाला.

म्हणून साध्या घरमालकासाठी साधा उपायच मला जास्त भरवशाचा वाटतो, आणि तो म्हणजे दर भाडेकरूमागे सिलिंडर बदलणे. आता प्रचारात असलेल्या बऱ्याच कुलपांत सिलिंडर वेगळा निघतो. दाराच्या कडेला, जिथून खिटी बाहेर येते तिथे, एक लांब स्क्रू असतो. तो सोडवला, किल्ली घालून गाभा थोडा फिरवला की सिलिंडर हातात येतो. त्याच लांबीचा दुसरा आत घालून स्क्रू आवळला की काम झाले, सुताराची गरज लागत नाही. लांबी मात्र मोजून घ्यावी, मधल्या स्क्रूपासून आतली आणि बाहेरची वेगवेगळी, कारण बाहेर फार पुढे आलेला सिलिंडर पकडीने धरून मोडता येतो. जुन्या पद्धतीच्या, दारावर बाहेरून बसवलेल्या लॅचचा सिलिंडर असा चटकन निघतोच असे नाही. तिथे चावीवाल्याला बोलावून आतल्या पिना बदलून घ्याव्यात, आणि हे काम आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे.

ज्यांची चार-पाच घरे आहेत त्यांनी दर वेळी नवा सिलिंडर विकत घेण्याचीही गरज नाही. सगळीकडे एकाच मापाचे सिलिंडर बसवावेत आणि एक जादा घेऊन ठेवावा. पहिले घर रिकामे झाले की जादा सिलिंडर तिथे बसवायचा आणि तिथला काढून ठेवायचा. पुढचे घर रिकामे झाले की हा काढून ठेवलेला तिकडे जाईल. जुन्या भाडेकरूकडे राहून गेलेली किल्ली निरुपयोगी होत नाही, पण ती कोणत्या शहराच्या कोणत्या भागातल्या कोणत्या दाराची हे त्याला कळण्याचा मार्ग उरत नाही. दोन घरे एकाच इमारतीत असतील तर मात्र त्यांच्यात ही अदलाबदल करू नये, कारण तिथे समोरचे दार वापरून पाहण्याचा मोह फार जवळ असतो.

भाडेकरूने किल्ली हरवली तर नव्या सिलिंडरचा खर्च त्याने द्यावा आणि मालकाच्या किंवा त्याच्या माणसांच्या हातून हरवली तर मालकाने, हे करारातच लिहून ठेवावे, म्हणजे किल्ली हरवल्याचे लपवण्याचे कारण उरत नाही. रक्कम ठरवताना ती दंडासारखी मोठी न ठेवता सिलिंडरच्या प्रत्यक्ष किमतीइतकीच ठेवावी; पाच हजारांच्या भीतीने भाडेकरू गुपचूप चावीवाल्याकडे जातो, आणि रस्त्यावर पडलेली किल्ली तशीच पडून राहते. ताब्याच्या दिवशी नव्या भाडेकरूसमोरच सिलिंडर बदलावा, किती किल्ल्या दिल्या तो आकडा ताब्याच्या कागदावर लिहून सही घ्यावी, आणि काढलेला जुना सिलिंडर त्याच्या किल्ल्यांसकट एका पिशवीत घालून वर फक्त तारीख आणि वहीतला अंक लिहावा.